हवेतला शेजारधर्म

शुक्रवारी इशाची नमाज झाली की आमच्याकडे कुवेतहून फोन येतो. भाईजान बावीस वर्षांपासून तिकडे आहेत. त्यांचा तो सुट्टीचा दिवस, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणून हीच वेळ दोन्हीकडे सोयीची. अम्मी ओढणी नीट करून आधीच फोनसमोर बसतात. त्यांना कानाने फार कमी ऐकू येते. भाईजानच्या ओठांची हालचाल पाहून त्यांना बोलणे कळते. त्यामुळे चित्र नीट आले तर आई-मुलाची भेट, नाही तर नुसता घोळ.

मागच्या वर्षी हा घोळ दर शुक्रवारी होऊ लागला. भाईजान तोंड उघडे ठेवून थिजलेले दिसत, आवाज तुटक येई. अम्मी विचारीत, "काय म्हणाला तो?" आणि आम्ही अंदाजाने काहीतरी सांगत असू. असेच एकदा त्यांच्या ऑपरेशनची तारीख आम्ही चुकीची ऐकली. अम्मी ज्या दिवशी मुसल्ल्यावर बसून दुआ मागत होत्या, त्याच्या आदल्याच दिवशी ऑपरेशन झाले होते. सगळे नीट पार पडले, अल्हम्दुलिल्लाह. पण "त्याच्या वेळेला मी दुआसुद्धा मागितली नाही," ही सल अम्मींच्या मनातून गेली नाही.

इंटरनेटवाल्याला बोलावले. त्याने राउटरला तारेने लॅपटॉप जोडला, वेग तपासला आणि "लाइन चोख आहे" म्हणून तो निघून गेला. लाइन चोख, मग बिघाड कुठे? आमचा संशय भिंतीपलीकडच्या खालांच्या घरावर गेला. त्यांची मुले रात्री उशिरापर्यंत फोनवर असतात. नक्कीच आमचा पासवर्ड त्यांना मिळाला असणार! आम्ही तीन वेळा पासवर्ड बदलला. भांडण झाले नाही, पण जिन्यात भेटल्यावर सलामात पूर्वीची ऊब राहिली नाही.

खरे काय ते आमच्या अकरावीतल्या मुलीने शोधले. तिने आधी राउटरच्या आत जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. पाचच उपकरणे होती आणि पाचही आमचीच. मग फोनवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारचे एक मोफत अॅप घेतले. पडद्यावर रंगीत डोंगरांची रांग उमटली, एकमेकांवर चढलेली. आमच्या खोलीत एकवीस नेटवर्क पोहोचत होती! त्यांतली नऊ एकाच चॅनेलवर, सहा क्रमांकावर. आमचेही तिथेच. खालांचे आठ क्रमांकावर. "अम्मी, कोणी चोरत नाहीये," ती म्हणाली, "सगळे एकदम बोलतायत."

सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे. ती आम्ही कितीदा वाचली असेल, इतरांना समजावून सांगितली असेल. त्या रात्री मात्र मान खाली गेली.

सर्वांच्या मालकीचा रस्ता

वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. आकाशवाणी, मोबाइलचे टॉवर, विमानांची यंत्रणा या प्रत्येकासाठी लहरींचे वेगळे पट्टे सरकारने नेमून दिलेले असतात आणि ते वापरायला परवाना लागतो. परंतु २.४ गिगाहर्ट्झ नावाने ओळखला जाणारा एक पट्टा जगभर मोकळा ठेवला गेला. तो मुळात उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठी होता. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. १९८५ मध्ये अमेरिकेने अशा पट्ट्यांत कमी शक्तीच्या दळणवळणाला विनापरवाना मुभा दिली. त्यातूनच पुढे १९९७ मध्ये आजच्या वाय-फायचे पहिले मानक आले. आपल्या देशात जानेवारी २००५ च्या नियमांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा सर्वांसाठी खुला झाला. म्हणूनच आपण दुकानातून राउटर आणून, कोणाला न विचारता, घरात लावू शकतो.

या नियमांत एक अट आहे. हा पट्टा वापरणाऱ्याने दुसऱ्याला त्रास देऊ नये. दुसऱ्याकडून त्रास झाला तर संरक्षण मागू नये. आणि पट्टा कोणा एकाचा नसून वाटून घ्यायचा आहे, असे तिचे सार आहे. म्हणजे शेजाऱ्याचा राउटर आपल्या राउटरच्या आड येतो अशी तक्रार घेऊन कुठे जाता येत नाही. दोघांचा हक्क सारखाच.

पाणी, गवत आणि आग या गोष्टींत सगळ्यांचा वाटा आहे, हे हदीसमधून आपण शिकलो. विहीर सामायिक असली की पाणी कसे भरायचे, हे गावाने आपसात ठरवावे लागते. या पट्ट्याचेही तसेच आहे. फरक इतकाच की विहिरीवरची गर्दी दिसते, ही दिसत नाही.

तेरा चॅनेल, पण जागा तिघांनाच

या पट्ट्यात आपल्याकडे वाय-फायचे तेरा चॅनेल आहेत. तेरा ऐकून पुष्कळ वाटतात. अडचण अशी की दोन चॅनेलांमध्ये अंतर फक्त पाच मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येक नेटवर्कला जागा लागते सुमारे वीस मेगाहर्ट्झची. सतरंजीवर पाच-पाच बोटांवर खुणा केल्या आणि बसणाऱ्याला वीस बोटे जागा लागत असेल, तर प्रत्येक खुणेवर माणूस बसवता येईल का? एकमेकांना अजिबात न घासता बसायचे तर १, ६ आणि ११ अशा तीनच जागा मिळतात.

इथे आमची पहिली समजूत चुकली. सहावर नऊ जण आहेत, मग आपण आठ किंवा चारवर जावे, तिथे गर्दी नाही, असे कोणालाही वाटेल. खरे तर ते जास्त वाईट.

पावसाळ्यात कधीकधी तीन वर्ग एकाच हॉलमध्ये बसवावे लागतात, हे शिक्षकांना नवे नाही. बाजूच्या शिक्षकांचे बोलणे आपल्याला स्पष्ट कळत असेल तर सोय लागते. ते शिकवत असताना आपण मुलांना लिहायला सांगतो; ते थांबले की आपण बोलतो. दोघांचेही काम थोडे सावकाश होते, पण होते. उलट फळीच्या पार्टिशनमागून नुसता गलबला येत असेल, तर समोरचा कधी थांबला तेच समजत नाही. मग दोघेही आवाज चढवतात आणि मुलांना दोघांचेही कळत नाही.

वाय-फाय यंत्रे हेच करतात. बोलण्याआधी ऐकायचे, कोणी बोलत असेल तर थांबायचे, आणि हवा शांत झाल्यावर लगेच न बोलता थोडा यादृच्छिक वेळ, म्हणजे चिठ्ठी टाकून निघावा तसा, वाट पाहून मग बोलायचे. हा अदब त्यांच्या रचनेतच घातलेला आहे. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांची भाषा ओळखतात आणि आळीपाळीने बोलतात. पण सहावरच्याला आठवरचे बोलणे अर्धवट, गलबल्यासारखे पोहोचते. तो गलबला फार मोठा नसेल तर त्याला कोणाचे बोलणे म्हणून ओळखताच येत नाही. मग दोघे एकदम बोलतात, संदेश बिघडतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. आमचे सहा आणि खालांचे आठ यांच्यात नेमके हेच चालले होते. त्रास त्यांनाही तितकाच होता.

याच पट्ट्यातले इतर वाटेकरी

ब्लूटूथचे इअरफोन, घड्याळे आणि स्पीकर याच पट्ट्यात चालतात. ब्लूटूथची तऱ्हा निराळी. तो पट्ट्याचे एक-एक मेगाहर्ट्झचे ७९ भाग करतो आणि सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतो. पूर्वी तो वाय-फायच्या जागेवरही उडी मारायचा. २००३ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून तो गजबजलेल्या जागा ओळखून त्या टाळायला शिकला. एका यंत्राने दुसऱ्यासाठी वाट सोडण्याचा हा चांगला नमुना आहे. मात्र त्याला टाळता यावे म्हणून पट्ट्यात काहीतरी मोकळे उरले पाहिजे.

मायक्रोवेव्ह ओव्हनला असा अदब नाही. त्याच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात. आत सात-आठशे वॉटची शक्ती फिरते, तर आपला राउटर साधारण दशांश वॉटवर बोलतो. दारातून बाहेर झिरपणारा अंश माणसाच्या सुरक्षिततेच्या मर्यादेत असतो, पण राउटरच्या मानाने तो ढोल वाजल्यासारखा. रमजानमध्ये इफ्तारच्या अगोदर घरोघरी समोसे गरम होतात तेव्हा नेट का अडखळते, याचे एक कारण इथे आहे. ओव्हन बंद झाला की त्रास संपतो, म्हणून राउटर स्वयंपाकघरापासून दूर ठेवला तरी पुरते.

लॅपटॉपला यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडली की तिच्या तारेतूनही याच पट्ट्यात गोंगाट होऊ शकतो. शेजारीच लावलेला बिनतारी माउस अडकू लागला तर माउसचा खडा दुसऱ्या बाजूला लावून पाहावा.

आम्ही काय केले

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही खालांचे दार वाजवले. आधी माफी मागितली. खाला हसायला लागल्या. "अगं, आम्हीही दोनदा पासवर्ड बदलला! मला वाटायचं तुमच्या शिकवणीची पोरं आमचं नेट वापरतात." चहा झाला. मग त्यांच्या मुलाने आणि आमच्या मुलीने मिळून चौकटीच्या वहीत इमारतीचा नकाशा काढला. चार मजले, प्रत्येकावर चार घरे.

लहरी बाजूच्या भिंतीतून जातात तशा वरच्या आणि खालच्या स्लॅबमधूनही जातात. म्हणून त्यांनी मांडणी अशी केली: पहिल्या मजल्यावर ओळीने १, ६, ११, १. दुसऱ्यावर ६, ११, १, ६. तिसऱ्यावर ११, १, ६, ११. चौथ्यावर पुन्हा पहिल्यासारखी. अशाने कोणाचाही चॅनेल त्याच्या लगतच्या, वरच्या किंवा खालच्या घराशी जुळत नाही. सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या मोटारीचा विषय संपल्यावर हा कागद ठेवला. काहींनी चेष्टा केली. एका चाचांनी विचारले, "माझं नेट नीट चाललंय, मी का बदलू?" त्यावर खालांचा मुलगा म्हणाला, "चाचा, तुमचं नऊवर आहे. तुम्ही सहालाही घासता आणि अकरालाही." चाचा थोडे गप्प राहिले आणि म्हणाले, "मग ये उद्या, करून दे."

आठ-दहा दिवसांत बहुतेक घरांत बदल झाला. वाचक बंधू-भगिनींना आपल्या घरी करता येईल अशा गोष्टी इथे क्रमाने देतो.

एक, आधी खरा बिघाड ओळखा. राउटरला तारेने संगणक जोडून पाहा. तारेवरही वेग नसेल तर दोष लाइनचा आहे. चॅनेल बदलून उपयोग नाही. तारेवर ठीक आणि हवेत खराब असेल तरच पुढे जा.

दोन, राउटरच्या तळाशी त्याचा पत्ता आणि पासवर्ड लिहिलेला असतो. त्या पानावर जाऊन २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी आपल्या खोलीत कमी गर्दी असलेला चॅनेल निवडा. 'ऑटो' वर भिस्त ठेवताना लक्षात घ्या की कित्येक राउटर फक्त चालू होताना एकदा पाहून चॅनेल ठरवतात.

तीन, तिथेच 'चॅनेल विड्थ' असते. २.४ गिगाहर्ट्झवर ती २० ठेवा, ४० नको. चाळीस म्हणजे सतरंजीवर आडवे पसरून बसणे. आपला फायदा थोडा आणि दोन्ही बाजूंच्या लोकांची अडचण मोठी.

चार, राउटर दोन पट्ट्यांचा असेल तर टीव्ही, लॅपटॉप आणि व्हिडिओ कॉलचा फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. हा पट्टा आपल्याकडे २०१८ मध्ये अधिक मोकळा झाला. त्यात एकमेकांना न घासणारे चॅनेल बरेच जास्त आहेत. त्याच्या लहरी भिंतीतून कमी पार होतात. घराच्या टोकाला त्या तोकड्या पडतात हे खरे, पण त्याच कारणाने त्या शेजाऱ्याकडेही कमी जातात.

पाच, राउटरची जागा बदला. आमचा लोखंडी कपाटामागे होता. लोखंड लहरी परतवते आणि पाणी त्या शोषते, म्हणून कपाट आणि पाण्याचे पिंप यांच्यापासून दूर, घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर तो ठेवावा. यात शेजाऱ्याचाही फायदा आहे. फोन राउटरपासून लांब आणि आडोशाला असला की तो सावकाश बोलतो. सावकाश बोलणारा हवा जास्त वेळ अडवून ठेवतो आणि बाकीचे ताटकळतात.

सहा, जे एका जागी बसून असते त्याला तार द्या. टीव्ही राउटरजवळच असेल तर तारेने जोडा. तितकी हवा इतरांना मोकळी.

सात, आवाज चढवू नका. दोन खोल्यांच्या घरात राउटरची शक्ती 'मध्यम' ठेवली तरी भागते. गरज नसताना लावलेला एक्स्टेंडर बहुधा गर्दीच वाढवतो, कारण तो प्रत्येक गोष्ट ऐकून पुन्हा बोलतो. आणि दुसऱ्याचे सिग्नल अडवणारे जॅमर बेकायदेशीर आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आठ, दुसऱ्याच्या राउटरला त्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका. मदतीला गेलेल्या मुलांनी पासवर्ड घरच्यांनाच टाइप करू द्यावा आणि काम झाल्यावर तो बदलून घ्यायला सांगावे. पासवर्ड ही अमानत आहे.

पाहुण्याने घ्यायची काळजी

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही भागावर हवामानाची आणि इतर रडार आधीपासून काम करतात. २००३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वाय-फायला तिथे जागा देताना अट घातली गेली: आधी कान देऊन ऐका, रडार ऐकू आले तर तो चॅनेल सोडा आणि दुसरीकडे जा. त्या भागातले चॅनेल निवडले की राउटर कधीकधी मिनिटभर गप्प बसतो, त्याचे कारण हेच. तो बिघडलेला नसतो, आधी आलेल्याला विचारत असतो. पावसाचा अंदाज आणि विमानांची सुरक्षितता या रडारवर अवलंबून असते. आपल्या व्हिडिओसाठी त्यांना आंधळे करून चालणार नाही. म्हणून राउटरमध्ये आपला खरा देश, भारत, निवडलेला असू द्या. जास्त चॅनेल मिळतात म्हणून दुसऱ्या देशाचे नाव टाकण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका.

आता काय स्थिती आहे?

सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. समोरच्या इमारतीतले राउटर अजून तीन, चार, नऊ असे कुठेही आहेत. चौथ्या मजल्यावरच्या एका घराचा दोष लाइनचाच निघाला. वीज जाऊन आली की एखाद-दुसरा राउटर जुन्या चॅनेलवर परततो आणि मुलांना वही घेऊन फिरावे लागते. पण आमच्या खोलीतले डोंगर आता बरेचसे तीन रांगांत बसले आहेत. अम्मींचा फोन ५ गिगाहर्ट्झवर आहे आणि शुक्रवारी त्या वेळेला खालांच्या घरात कोणी मोठे डाउनलोड लावत नाही. आम्ही सांगितले नव्हते. त्यांनीच ठरवले.

गेल्या शुक्रवारी भाईजान नेहमीसारखे बोलत होते. मध्येच अम्मींनी त्यांना थांबवले आणि विचारले, "दाढ दुखतेय का तुझी? एका बाजूनं बोलतोयस." दुखत होती. त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

सालनात थोडा रस्सा वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. मोठ्या इमारतींत राहू लागल्यापासून शेजारी भिंतीपलीकडे गेला, तरी त्याचा हक्क तिथेच राहिला. तो आता हवेतही आहे. आपल्या इमारतीत एक चौकटीची वही, दोन हुशार मुले आणि दार वाजवण्याची थोडी हिंमत एवढे जमवून पाहा. आणि नेट अडखळले तर पासवर्ड बदलण्याआधी शेजाऱ्याला सलाम करा.